बारदानासकट वजन

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तो ताईचा फोन आला. "भाऊ, असशील तसा ये," एवढेच बोलून तिने फोन ठेवला. ताईचे घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. पायांत चपला सरकवल्या आणि निघालो. वाटेत मनात नाही नाही ते आले. जाऊन पाहतो तो भाचा ओसरीवर बसलेला, डावा हात गळ्यात अडकवलेला, गालावर खरचटलेले. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी. आणि अंगणात, चिखलाने माखलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली ती सायकल.

"हासळी मोडली," ताई म्हणाली. "एकुलता एक पोरगा माहा. तू याले समजाव, नाही तं ते लफडं इकून टाक. मी सांगून सांगून थकली."

भाचा काही बोलला नाही. त्याने फक्त सायकलीकडे पाहिले. मग ताईने हमालाकरवी ती सायकल धानाच्या कोठीच्या खोलीत ठेवली, कुलूप घातले आणि किल्ली कमरेला खोचली. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत त्या किल्लीने आमच्या दोन्ही घरांत जे काही घडवले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. त्यात मला जी विद्या शिकावी लागली ती सायकलीच्या मागच्या 'शॉकअप'ची. साठीनंतर माणसाने काय काय शिकावे, याला काही धरबंध नाही हेच खरे.

प्रथम माझ्याविषयी दोन शब्द. तुमसर म्हणजे धान-तांदळाचा बाजार. या बाजारात एका अडत्याच्या दुकानी मी तीस वर्षांवर काट्यापाशी उभा राहिलो. कट्टा काट्यावर चढला की त्याचे वजन, त्यातून बारदानाचे वजन वजा, उरले ते धान. माझे सारे शास्त्र एवढेच. यंत्रांशी माझा संबंध म्हणाल तर वडिलांच्या काळ्या सायकलीपुरता. तिच्या सीटखाली दोन जाड स्प्रिंगा होत्या आणि खड्ड्यात चाक गेले की त्या कुरकुरत. बाकी सगळे धक्के माणसाच्या कमरेने सोसायचे, असा त्या काळचा करार होता.

दोन मोटारसायकलींच्या किमतीची सायकल

भाचा पुण्यात संगणकाच्या कचेरीत होता. अलीकडे तो घरूनच काम करतो, म्हणून तुमसरला परत आला. येताना त्याने ही सायकल आणली. डोंगरउतारावर चालवण्याची सायकल, आणि तीही कोणाकडून तरी जुनी घेतलेली. नवी घेतली असती तर त्या पैशात दोन मोटारसायकली आल्या असत्या, असे त्याने मला हळूच सांगितले. ताईला मात्र हा आकडा आजही ठाऊक नाही. हा अंक तिच्या हाती पडणार नाही अशी आशा आहे.

आमच्या तालुक्यात डोंगर कुठला, असे बाहेरचा वाचक विचारील. आहे, थोडा आहे. सातपुड्याच्या शेवटच्या टेकड्या आमच्या तालुक्यात उतरतात. आंबागडचा जुना किल्ला त्यातल्याच एका टेकडीवर. महाशिवरात्रीला जिथे मोठी जत्रा भरते ते गायमुखही त्याच बाजूला. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणीही याच तालुक्यातल्या. माती तांबडी, दगड कठीण, आणि टेकडी उतरली की लगेच धानाच्या बांध्या सुरू. एका बांधीचा धुरा संपला की दुसरीचा. भाच्याच्या मते सायकलीची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही. त्याच्या हासळीची परीक्षाही तिथेच झाली.

झाले असे की टेकडीवरून उतरून तो बैलगाडीच्या वाटेला लागला. पावसाचे पाणी जाण्यासाठी वाटेत कोणी आडवी नाली काढलेली होती आणि तिच्या पलीकडच्या काठाला दगड लावलेले होते. पुढचे चाक पार झाले. मागचे चाक दगडाच्या धारेवर आदळले, आणि मागून कोणी लाथ मारावी तशी सायकल उसळली. भाचा हॅंडलवरून पुढे जाऊन खांद्यावर पडला.

"मामाजी, सायकल वाईट नाही," तो मला चौथ्या दिवशी एकटा असताना म्हणाला. "ती माह्यासाठी बसवलेलीच नव्हती."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. काटा वाईट नाही, तो लावलेला नाही, असे मी स्वतः कितीतरी शेतकऱ्यांना सांगितले होते.

मी ताईशी बोललो. तडजोड अशी ठरली: हाड जुळेपर्यंत सायकल कोठीत. डॉक्टरांनी होकार दिल्यावर मी स्वतः ती लावून घ्यायची. दिवाळीच्या आत भाच्याने त्याच वाटेवरून, त्याच नालीवरून, ताईच्या डोळ्यांदेखत उतरून दाखवायचे. उतरला तर सायकल राहील. ताईचे मन मानले नाही तर लक्ष्मीपूजनाच्या आत ती विकायची. "आणि दुसऱ्यांदा पडला तं," ताई म्हणाली, "मी तुह्याशी बोलणार नाही." ती बोलली की करते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

हमालाची ढकलगाडी आणि मागे जाणारे चाक

हाड जुळायला दोन महिने लागले. तेवढ्यात भाच्याने मला ओसरीवर बसवून त्या सायकलीचे शास्त्र शिकवले. मला ते कसे कळले तेच सांगतो.

आमच्या दुकानाच्या दाराला उंच उंबरठा होता. कट्ट्यांची दोन चाकी ढकलगाडी घेऊन नवा हमाल आला की तो ती पुढे ढकलत उंबरठ्यावर आणी. चाक धारेला अडे, गाडी थबके, वरचा कट्टा घसरे. जुना हमाल मात्र उंबरठ्याशी पाठ फिरवी आणि गाडी ओढून घेई. ओढलेले चाक मागून येते, धारेला लागते आणि सहज वर चढते. ढकललेले चाक भांडते, ओढलेले चाक वाट काढते.

आता सायकल पाहा. जिला मागे शॉकअप असतो, तिचे मागचे चाक एका दांडीला लावलेले असते आणि ती दांडी सांगाड्याला बिजागरीने जोडलेली असते. धक्का बसला की दांडी बिजागरीभोवती फिरते, चाक वर जाते आणि शॉकअप दबतो. बहुतेक सायकलींत ही बिजागरी पायडलच्या आसाजवळ, म्हणजे साधारण चाकाच्या आसाच्या उंचीच्या आसपास असते. त्यामुळे चाक जवळजवळ सरळ वर जाते. पण दगड काही खालून येत नाही, तो समोरून येतो. त्याचा मार वर आणि मागे असा तिरपा असतो. चाकाला फक्त वर जाता येत असेल, तर माराचा मागचा भाग चालवणाऱ्याला सोसावा लागतो. गाडी थबकते, माणूस पुढे जातो.

भाच्याच्या सायकलीत ही बिजागरी बरीच वर, दातेरी चक्राच्याही वर आहे. चाकाचा आस तिच्यापेक्षा खाली. खालून वर येणारी वस्तू बिजागरीच्या पातळीला येईपर्यंत मागे मागे जाते, हे दाराच्या कडीला दोरी बांधूनही पाहता येईल. म्हणून दगड लागला की हे चाक वर आणि मागे, माराच्याच दिशेने, सरकते. जुन्या हमालाची ढकलगाडीच म्हणा ना!

यात एक अडचण उभी राहते. चाक मागे गेले की पायडल आणि चाक यांतले अंतर वाढते. मग साखळी ताणली जाणार आणि ती पायडलला उलटा झटका देणार. त्यावर उपाय म्हणून बिजागरीजवळ एक छोटी दातेरी चकरी बसवलेली असते. वरची साखळी तिच्यावरून जाते. बिजागरीजवळून गेल्यामुळे दांडी वरखाली झाली तरी वरच्या साखळीची लांबी फारशी बदलत नाही. खालच्या बाजूचा ताण गिअरची स्प्रिंग सांभाळून घेते. या चकरीचेही देणे आहे: थोडे घर्षण, थोडा आवाज, आणि धुण्यापुसण्याचे काम. बांधीचा चिखल तिच्यात वाळला की ती जात्यासारखी घरघरते.

ही कल्पना आजची नाही. कॅनडातल्या बाल्फा नावाच्या कंपनीने 2000 सालच्या सुमारास अशी चकरीची उतारसायकल केली होती. पुढे अँडोरा या चिमुकल्या देशातल्या कॉमेन्साल कंपनीच्या अशाच सायकलीवर बसून 2018 साली फ्रान्सच्या अमोरी पियेरोंने उतारशर्यतींचा जागतिक चषक जिंकला, आणि मग सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. 2019 पासून कॅनडातल्या फॉरबिडन कंपनीने रोजच्या डोंगरफेरीच्या सायकलीतही ही रचना आणली. आपल्याकडे मागच्या चाकाच्या धक्क्याची गोष्ट लोकांना कळली ती मोटारसायकलीमुळे. 1955 पासून मद्रासेत तयार होऊ लागलेल्या एन्फील्ड बुलेटला मागे अशीच हलणारी दांडी आणि शॉकअप होते. रस्ते तेव्हाही आजच्यासारखेच होते, तेव्हा त्याची किंमत लोकांनी ओळखली असेल यात शंका नाही.

दुसऱ्याच्या वजनाची गाडी

नवरात्रात डॉक्टरांनी होकार दिला. ताईने किल्ली माझ्या हातात दिली, भाच्याच्या नाही. सायकल मी आमच्या जुन्या दुकानाच्या अंगणात आणली, कारण तिथे काटा होता.

शॉकअपचे दोन भाग असतात. एक स्प्रिंगचा, आणि दुसरा त्या स्प्रिंगला आवर घालणारा. या सायकलीत लोखंडी स्प्रिंग नाही. बंद नळीत कोंडलेली हवा हीच स्प्रिंग. तिचा दाब लहानशा हातपंपाने कमीजास्त करता येतो. नळीवर एक रबरी कडी असते. शॉकअप दबला की ती सरकते आणि जिथवर दबला तिथेच राहते. म्हणजे काट्याची सुई जिथवर गेली तिथे खूण राहावी तसे. ही कडी पाहिली आणि या यंत्राशी आपले जमेल असे मला वाटले.

पहिली गोष्ट अशी मोजायची की माणूस नुसता उभा राहिला असता शॉकअप किती बसतो. तो अजिबात बसला नाही तर चाक खड्ड्यात उतरणार नाही, फक्त उंचवट्यावर आपटेल. फार बसला तर पुढच्या धक्क्यासाठी जागा उरणार नाही. या सायकलीच्या शॉकअपची पूर्ण चाल 60 मिलिमीटर, आणि भाच्याच्या पुस्तिकेत सांगितलेला हिशेब चालीच्या 30 टक्के, म्हणजे 18 मिलिमीटर.

भाचा पायडलवर उभा राहिला, एक हात भिंतीला. मी कडी वर सरकवून ठेवली. तो हळूच उतरला. उडी मारून उतरले की कडी खोटे बोलते. पट्टी लावली: 12 मिलिमीटर. हवेचा दाब पाहिला: दर चौरस इंचाला 210 पौंड.

"एवढी हवा कोणी भरली?" मी विचारले.

"पहिल्या मालकानं. तो चांगला अंगानं भरलेला होता. मी कधी पाहिलंच नाही."

माझ्या डोळ्यांपुढे ती नाली आली. पोरगा दुसऱ्या माणसाच्या वजनावर लावलेली गाडी दीड महिना चालवत होता. शॉकअपला त्याचे वजन पुरेसे लागतच नव्हते. शिवाय दुसरा दोष होता. दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडावी याचे एक लाल बटण असते. ते फिरवले की टकटक असे खटके पडतात. ते त्या मालकाने पूर्ण उघडे ठेवले होते. म्हणजे कडक स्प्रिंग, आणि तिला आवर नाही. दगडावर दबलेली ती स्प्रिंग सुटली आणि तिने पोराला फेकले.

मग आम्ही नवा दाब काढला. भाच्याचे वजन 64 किलो. कोष्टक पाहून त्याने हवा 145 पौंडांवर आणली. पट्टी लावली तर 21 मिलिमीटर! गाडी चिखलात बसलेल्या म्हशीसारखी बसली. तो बुचकळ्यात पडला. मी विचारले, "64 किलो केव्हा मोजलेस?"

"सकाळी. घरी."

"आणि आता अंगावर काय आहे?"

त्याच्या अंगावर शिरस्त्राण, जाड बूट, गुडघ्यांची आणि कोपरांची कवचे, आणि पाठीवर दोन लिटर पाण्याची पिशवी हत्यारांसकट. मी त्याला काट्यावर उभे केले. काटा थांबला साडेसत्तर किलोवर. मी आयुष्यभर बारदान वजा करत आलो. इथे ते जमेला धरायचे होते. रस्त्यावर धक्का बसतो तो बारदानासकट बसतो!

160 पौंडांवर कडी नेमकी 18 वर आली. या कामात दोन बारकावे शिकलो. हवा थोडी भरली की शॉकअप सात-आठ वेळा सावकाश दाबून घ्यावा लागतो. त्याच्या आत मुख्य हवेच्या उलट बाजूने ढकलणारी आणखी एक लहान कोठडी असते, आणि दोन्हींतला दाब सारखा झाल्याखेरीज मोजमाप खरे येत नाही. दुसरे असे की पंप काढताना जो फुस्स आवाज येतो तो बहुतेक पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो. मी पहिल्यांदा तो ऐकून पुन्हा पंप लावला, पुन्हा फुस्स, पुन्हा पंप, असे चार वेळा केले. शेवटी भाच्याने माझा हात धरला. आणि हवा नेहमी एकाच वेळेस, सकाळी सावलीत मोजावी. बंद नळीतली हवा 20 अंशांनी तापली तर दाब सहा-सात टक्क्यांनी वाढतो. आमच्या विदर्भाच्या उन्हात ही गोष्ट विसरून भागत नाही.

पुढचा चिमटाही लावला. त्याची चाल 160 मिलिमीटर, त्याला 20 टक्के, म्हणजे 32. या सायकलीचे मागचे चाक दबताना मागे जाते, त्यामुळे माणसाचा भार थोडा पुढच्या चाकावर जातो. म्हणून पुढचा चिमटा मऊ ठेवून चालत नाही. मागे लावले आणि पुढे विसरले, म्हणजे काट्याचे एकच पारडे तपासल्यासारखे.

माझी चूक

आता लाल बटण. इथे मी मामेपणा केला. सायकल उसळली म्हणून पोरगा पडला, तेव्हा ती जितकी सावकाश उघडेल तितके बरे, असे माझे म्हणणे. बटण पूर्ण बंद केले आणि तिथून तीनच खटके उघडले. भाचा म्हणाला, "मामाजी, फार हळू होईल." मी म्हटले, "हळूच बरे. तुझ्या आईला मी जबाब देणार आहे."

दसऱ्यानंतर हलके धान कापले गेले होते. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या बांध्यांतून, ओळीने सहा धुऱ्यांवरून, त्याला जायला सांगितले. पहिला धुरा, दुसरा धुरा मखमलीसारखे गेले. तिसऱ्याला गाडी जरा खाली बसलेली दिसली. चौथ्याला ठक् असा आवाज आला. पाचव्याला मागचे चाक दगडासारखे आदळले, भाचा वाकडा झाला, एक पाय जमिनीला लागला, आणि तो कसाबसा सावरला.

मी धावत गेलो. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझाही पडला असणार. काय झाले ते त्याने बसून समजावले. पहिल्या धुऱ्यावर दबलेले चाक परत पूर्ण उघडण्याच्या आत दुसरा धुरा आला. दुसऱ्यातून उघडण्याआधी तिसरा. दर धुऱ्याला थोडी थोडी चाल खर्च झाली आणि पाचव्याला शिल्लक काही उरले नाही. रोज थोडे कर्ज घेऊन न फेडणाऱ्यासारखे.

त्या संध्याकाळी मी ताईकडे गेलो नाही. माझ्या भीतीपायी पोरगा दुसऱ्यांदा पडला असता. फार वेगाने उघडणारी स्प्रिंग जितकी धोक्याची, तितकीच न उघडणारीही, हे मला पुस्तकातून कळले नसते. आणि काळजी म्हणजे आवळणे नव्हे, हेही त्याच धुऱ्यावर कळले. ताईला मात्र ते कसे सांगावे हे कळेना.

दुसऱ्या दिवसापासून शिस्तीने काम सुरू केले. एक वही केली. एका वेळी एकच बटण, एकच बदल. बदल, फेरी, नोंद. ओट्याची एक पायरी बसल्या बसल्या उतरायची. गाडीने एकदाच हलून शांत व्हावे. दोनदा डोलली तर आवर कमी, मेल्यासारखी चिकटून राहिली तर आवर जास्त. मग धुरे. चार खटके, सहा, आठ, दहा. दहाला मागचे चाक पुन्हा उसळू लागले. आठवर सहाही धुरे सारखे गेले. वहीत 'आठ' या आकड्याभोवती मी वर्तुळ काढले.

एक गोष्ट मात्र बटणात नव्हती, बोटांत होती. पडल्यापासून भाचा प्रत्येक धुऱ्यावर मागचा ब्रेक करकचून धरी. या बनावटीच्या सायकलीत मागचा ब्रेक धरला की चाक दांडीसकट आवळले जाते आणि शॉकअप मोकळा चालत नाही. म्हणजे आपण आठ दिवस खपून जे लावले ते एका बोटाने बंद करायचे. मी त्याला सांगितले, "धुऱ्याच्या आधी ब्रेक, धुऱ्यावर हात सैल." त्याला ते ठाऊक होते. ठाऊक असणे आणि बोट उचलणे यांत तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हसत आला तेव्हा विचारावे लागले नाही.

नालीवर

धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी आम्ही तिघे पहाटे निघालो. ताईने शालीत हात गुंडाळून घेतले होते. ती गाडीत एक शब्द बोलली नाही. नालीपाशी पोचल्यावर तिने ते दगड वाकून पाहिले, एकाला हात लावला आणि झाडाखाली जाऊन उभी राहिली.

निघण्यापूर्वी मी पट्टी लावली: 18. भाचा सायकल घेऊन टेकडी चढून गेला. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. पाखरांखेरीज आवाज नाही. मग चकरीची बारीक घरघर ऐकू आली आणि झुडपांतून तो दिसला. उतार, वळण, बैलगाडीची वाट. नालीच्या अलीकडे ब्रेक, मग बोटे सैल. पुढचे चाक गेले. मागचे चाक दगडाला लागले, मी पाहिले, ते मागे आणि वर गेले, परत आले, आणि गाडी पुढे निघून गेली. एवढेच. एखादे कपाट उघडून मिटावे तसे. जिथे दोन महिने आमचे घर अडले होते ते ठिकाण त्याने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पार केले.

मी जाऊन कडी पाहिली. 57 मिलिमीटर. 60 पैकी 57 वापरले, तीन हातचे राहिले. काट्याचा माणूस यापेक्षा जास्त काय मागणार?

ताई हळूहळू चालत आली. तिने भाच्याच्या खांद्यावर, मोडलेल्या हाडाच्या जागी, हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या दिवशी असंच लावलं असतं तं पडला नसता का?"

मी म्हणालो, "पडला नसता असं कोणीच सांगू शकत नाही, ताई. पण गाडीनं फेकला नसता."

तिने थोडा विचार केला. खोटा दिलासा दिला असता तर तिला ते लगेच कळले असते.

लक्ष्मीपूजनाला मी अजूनही जुन्या दुकानी जातो. चोपड्यांची पूजा झाली की प्रसाद घेऊन ताईकडे. यंदा तिच्या देवघरात पाहिले तर लक्ष्मीच्या तसबिरीपुढे आमची ती वही. तेलाचे डाग पडलेली, 'आठ' भोवती वर्तुळ काढलेली. तिच्यावर हळद, कुंकू आणि दोन झेंडूची फुले. शेजारी कोठीची किल्ली.

भाच्याने किल्लीकडे हात नेला. ताईने तो अलगद बाजूला केला.

"किल्ली माह्यापाशीच राहीन," ती म्हणाली. "मागशील तेव्हा देईन. पण अगोदर काट्यावर उभा राहायचं. बारदानासकट."